पॅटर्नच्या वर्कशॉपमधून मिड-लेंग्थ सर्फबोर्डपर्यंत: आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळांना पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठी लागणारे नमुने, पुरवणारी जी छोटी वर्कशॉप आहेत, त्यांपैकीच एक आमचे. वडिलांनी सागवानाच्या पॅटर्नपासून सुरुवात केली. बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा वाढवून घ्यावा लागतो, आणि साच्यातली वाळू न ढासळता तो बाहेर निघावा यासाठी त्याच्या बाजूंना किंचित उतार ठेवावा लागतो. हे सगळे टेम्प्लेट आणि रंधा यांच्या बळावर अचूक साधणारे मिस्त्री आमच्याकडे होते. पुढे लाकडाच्या जोडीला फायबरग्लास आणि रेझिन आले. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या शहरात सर्फबोर्ड कसे बनतात, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर आमच्या मिस्त्रींच्या हातांत आहे.

चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे सर्फिंग शिकवणाऱ्या मंडळींचे तडकलेले बोर्ड दुरुस्तीसाठी आमच्याकडे येऊ लागले आणि या कामाला तोंड फुटले. फायबरचे काम आम्हाला परके नव्हते, तरी बोर्डाचे शास्त्र नव्याने शिकावे लागले. पॉलियुरेथेन फोमच्या बोर्डावर नेहमीचे पॉलिस्टर रेझिन चालते. पण ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीच्या फोमवर तेच रेझिन घातले तर त्यातले स्टायरीन फोम विरघळवून टाकते, तिथे इपॉक्सीच लागते. त्यामुळे आतला फोम कोणता हे पाहिल्याशिवाय आमच्याकडे रेझिनचा डबा उघडला जात नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांनीच आम्हाला पुढची दिशा दाखवली. वॅक्सचे थर चढलेले, वापरून वापरून झिजलेले बोर्ड बहुधा सात ते आठ फुटांचे असत. हौसेने घेतलेले सहा फुटांच्या आतले बोर्ड मात्र जवळजवळ कोरेच असत आणि त्यांचे मालक गिऱ्हाईक शोधून द्यायला सांगत. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला आणि मंगळूरच्या उत्तरेला मुळकीजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावरच्या स्पर्धांच्या बातम्याही येऊ लागल्या, तेव्हापासून तरुण मुले स्पर्धकांच्या हातात दिसणारा आखूड बोर्डच मागतात. तो बोर्ड आकारमानाने (त्यावरच त्याची तरंगशक्ती ठरते) साधारण २५ ते ३० लिटरचा असतो आणि रोज समुद्रात उतरणाऱ्याच्या अंगाला बेतलेला असतो. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार किनारा गाठणाऱ्या बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या माणसाला तो आम्ही विकत नाही, आणि हे आम्ही त्याला समोर बसवून कारणांसह सांगतो.

त्याऐवजी आम्ही मिड-लेंग्थ बनवतो: साधारण साडेसहा ते साडेआठ फूट लांबी, रुंद आणि गोलसर नोज (पुढचे टोक), मऊ वळणाच्या रेल (बाजूच्या कडा) आणि कमी रॉकर. रॉकर म्हणजे बोर्डाच्या टोकांना दिलेला वरचा बाक. तो कमी असला की बोर्ड पाण्यावर सपाट बसतो, हाताने वल्हवताना लवकर वेग घेतो आणि पावसाळ्यानंतर आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या दोन-तीन फुटांच्या, जोर कमी असलेल्या लाटाही पकडता येतात. उभ्या कोसळणाऱ्या लाटेत असा बोर्ड नोज खुपसतो, हे खरे आहे. पण तशा लाटेत नवख्याने उतरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवड करताना गिऱ्हाईक लांबी विचारते, आम्ही आधी त्याचे वजन विचारतो. शिकणाऱ्याला किलोमागे निदान एक लिटर तरंगशक्ती हवी. फेसाळ पाण्यात उभे राहणे जमले आणि न फुटलेली लाट तिरकस धरता येऊ लागली की किलोमागे पाऊण लिटर पुरते. तरबेज सर्फर त्याहूनही खाली उतरतो. साडेसात फूट लांब, २२ इंच रुंद आणि पावणेतीन इंचांहून थोडा जाड असा आमचा बोर्ड सुमारे ५५ लिटरचा भरतो. एकाच घरातल्या पन्नास किलोंच्या मुलीला तो शिकायला पुरतो, सत्तर किलोंच्या बाबांना चार गोष्टी आधीच येत असल्या तर साथ देतो, आणि सर्फिंगमध्ये मुरलेल्या आत्यालाही त्यावर लांब, सावकाश वळणे घेता येतात. बाबा अगदीच नवे असतील, तर त्यांनी सुरुवातीला किनाऱ्यावरच्या वर्गातला आठ-नऊ फुटांचा सॉफ्ट-टॉप, म्हणजे वरून मऊ फोमचा बोर्ड, भाड्याने घ्यावा, असे आम्ही सुचवतो, मग विक्री लांबली तरी चालेल.

तोच बोर्ड निरनिराळ्या हातांत चालतो तो मुख्यतः फिनमुळे, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागच्या बाजूस लावलेल्या कल्ल्यांमुळे. मधोमध लांब फिन-बॉक्स (फिन बसवायची खाच) आणि दोन्ही बाजूंना लहान फिनची सोय आम्ही प्रत्येक मिड-लेंग्थमध्ये ठेवतो. शिकणाऱ्याने सात इंचांची मधली फिन बॉक्समध्ये मागे सरकवली की बोर्ड सरळ चालतो आणि डगमगत नाही. ती पुढे घेतली की तो सहज वळतो. लाट थोडी उभी असेल तेव्हा बाजूच्या फिन लावल्या की रेलची पकड वाढते. स्क्रू सैल करून फिन एक इंच इकडेतिकडे करण्याइतके हे सोपे आहे, आणि दुसरा बोर्ड घेण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावे, असा आमचा आग्रह असतो.

टेल, म्हणजे बोर्डाचे मागचे टोक, गोल ठेवावी की टोकदार, यावर आमच्या मिस्त्रींत अजून मतभेद आहेत. मी गोल टेलच्या बाजूचा आहे.

घाटावरच्या माणसासाठी एक बाब फार महत्त्वाची आहे. ईपीएसच्या बोर्डात हवा कोंडलेली असते. किनाऱ्यावरून वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, त्यात गाडीच्या टपावर ऊन लागले की आतली हवा फुगून फायबरचा थर फोमपासून सुटू शकतो. हवा बाहेर जाण्यासाठी स्क्रूची व्हेंट असेल तर निघण्यापूर्वी ती सैल करावी आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आठवणीने घट्ट करावी.

दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही मुख्यतः शेपिंग (फोमला आकार देणे) करतो आणि ग्लासिंगचे, म्हणजे फायबर आणि रेझिनचा थर चढवण्याचे, काम पाऊस ओसरल्यावर हाती घेतो. ज्यांना दिवाळीच्या सुट्टीत बोर्ड हवा असेल, त्यांनी गणपतीपूर्वी यावे आणि घरातले कोणकोण तो वापरणार, त्यांची वजने किती आणि पोहणे कितपत येते, एवढे लिहून आणावे.