पत्र्यावरचा पाऊस: नॉइज सिंथची नोंदवही

आमच्या हौशी मंडळींच्या एकांकिकेत पाऊस आहे. सुरुवातीला दोन-चार थेंब, मग रिपरिप, मध्यावर पत्रे फुटतील असा कोसळणारा आणि शेवटी नुसत्या पागोळ्या. नट रोज वेगळ्या वेगाने बोलतात, कधी एखादा विराम दुप्पट लांबतो, त्यामुळे रेकॉर्ड केलेला पाऊस लावून भागत नाही. शिवाय इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात केलेल्या कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये पावसाहून रिक्षांचे हॉर्नच जास्त. पाऊस हाताने वाजवता यायला हवा होता. एक नॉब फिरवला की सर वाढावी, मागे घेतला की ओसरावी. त्यासाठी जूनपासून सिंथ, म्हणजे आवाज घडवणारी सॉफ्टवेअरं, धुंडाळतेय. नॉइजवर, म्हणजे ठरावीक स्वर नसलेल्या खरखरत्या आवाजावर, काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहून ठेवते.

यंत्रसामग्री साधी. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपमधले सिंथ हाताने फिरवायला आठ नॉबचा छोटा मिडी कंट्रोलर, बंद कपांचे हेडफोन. ठरवलं होतं की आधी फुकट मिळणाऱ्या सिंथवरच जीव ओतायचा. अजून तरी त्याबाहेर जावं लागलेलं नाही.

जून, तिसरा आठवडा

पहिला प्रयत्न कुणीही करील तोच. सर्ज एक्सटी हा सिंथ उघडला, स्वर देणारे तिन्ही ऑसिलेटर बंद केले, मिक्सरमधला नॉइज चालू केला, वर तीक्ष्ण भाग कापणारा लो-पास फिल्टर. व्हाइट नॉइजमध्ये दर हर्ट्झमागे सारखीच ऊर्जा असते, पण आपला कान सप्तकांनी ऐकतो आणि वरच्या सप्तकात हर्ट्झ दुप्पट मावतात. म्हणून तो कानाला तीक्ष्ण लागतो. पिंक नॉइज दर सप्तकामागे 3 डेसिबलने उतरतो, ब्राउन 6 डेसिबलने. हे नॉइजचे रंग. सर्जमध्ये त्या रंगाचा एक स्लायडर आहे, तो पिंकच्या आसपास आणला आणि समाधानाने सासूबाईंना हेडफोन दिले. त्यांचं सगळं आयुष्य याच घरात गेलंय, मागच्या अंगणावरचे पत्रे त्यांनी तीनदा बदलून घेतलेत.

दहा सेकंद ऐकून म्हणाल्या, "अगं, हे तर तळण आहे. कढईत पुऱ्या सोडल्यावर येतो तो आवाज. पावसात थेंब वेगळे कळतात."

त्या वाक्यावर माझे दोन महिने चालले. तळणीत वाफेचे असंख्य बारीक बुडबुडे फुटतात आणि कानाला त्यांचा एकच सलग पडदा ऐकू येतो. मी केलं होतं तेही तसंच. रंग बरोबर होता, पण कण, म्हणजे वेगवेगळे कळणारे थेंब, नव्हते.

जुलैचा पहिला पंधरवडा: रंग सोडून शब्द धरले

व्हाइट, पिंक, ब्राउन या नावांमधून फक्त कुठल्या पट्ट्यात किती ऊर्जा आहे ते कळतं. काळात तो आवाज कसा वागतो, याचा त्यात पत्ता नाही. आपल्या भाषेत मात्र त्याचा साठाच आहे. टपटप, रिपरिप, सळसळ, खरखर, घरघर, खळखळ, भुरभुर. एका संध्याकाळी मी हे शब्द वहीत लिहून प्रत्येकासमोर त्यात काय काय दडलंय ते मांडलं, आणि तेव्हापासून सिंथची निवड सोपी झाली.

टपटपमधला ट म्हणजे कडक सुरुवात, आणि प म्हणजे लगेच मिटलेला शेवट. एन्व्हलपच झाला तो, म्हणजे आवाज कसा उठतो आणि विझतो त्याचा आराखडा. सळसळीतला स म्हणजे निव्वळ हवेचा घर्षणध्वनी, त्याची बहुतेक ऊर्जा 4 हजार हर्ट्झच्या वर, आणि ळ त्याला मागे ओढून एक हेलकावा देतो. म्हणजे हाय-पास केलेला, खालचा भाग कापलेला नॉइज आणि त्याच्या पातळीवर संथ, अनियमित हालचाल. खरखर आणि घरघर यांत फरक एवढाच की घ उच्चारताना कंठ कंपतो. तेव्हा घरघरीसाठी नॉइजखाली एक खालचा स्वर हवाच, खरखरीला तो लागत नाही. खळखळीवर मी अजून अडले आहे, त्याबद्दल पुढे.

आता कुठलाही सिंथ हाती घेतला की मी आधी विचारते: यात कण वेगळे करता येतात का? कणांची दाटी एका नॉबवर येते का? कण ज्याच्यावर आपटतो त्या वस्तूचा नाद देता येतो का? नॉइजचा उगम सगळ्यांकडे सारखाच असतो. पुढचं सगळं निराळं.

दाटी

सुपरकोलायडर या कोड लिहून आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डस्ट नावाचा एक घटक आहे. तो ठरलेल्या सरासरीने, पण पूर्णपणे अनियमित अंतरांनी एकेक टिचकी देतो. सेकंदाला 8 ठेवलं की थेंब मोजता येतात. 20 वर रिपरिप. माझ्या कानाला 30 च्या आसपास मोजणं सुटतं, आणि काही शेकड्यांवर गेलं की सासूबाईंची कढई परत येते. हा प्रवास एकदा प्रत्येकाने ऐकावा. एकच संख्या वाढत जाते आणि थेंबाची सर होते, सरीचा पडदा होतो. ठोके समान अंतराने ठेवून तोच प्रयोग केला, तर पाऊस होतच नाही. सेकंदाला 30 ठोके नियमित पडले की एक खालचा, किरकिरा स्वर ऐकू येऊ लागतो.

पण सुपरकोलायडर लिहून चालवावा लागतो, आणि तालमीत अंधारात कोड लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून तीच गोष्ट नॉबवर शोधली. ती मिळाली म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या प्लेट्स या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सिंथच्या एका सुट्या भागात. ते बनवणाऱ्या एमिली जिले यांनी आपल्या हार्डवेअर मॉड्यूलचा कोड खुला ठेवला, त्यामुळे आज तो बऱ्याच फुकट सिंथमध्ये भेटतो. सर्ज एक्सटीतला ट्विस्ट ऑसिलेटर म्हणजे प्लेट्सच. असे मॉड्यूल तारांनी जोडायच्या व्हीसीव्ही रॅक या सॉफ्टवेअरमध्ये तो मॅक्रो ऑसिलेटर 2 या नावाने आहे. त्यात पार्टिकल नॉइज नावाचा प्रकार निवडायचा. टिम्बर नॉबवर कणांची दाटी, हार्मोनिक्सवर त्यांच्या वारंवारतेचं विखुरणं, आणि मॉर्फ मध्याच्या पलीकडे नेला की प्रत्येक कण अधिकाधिक घुमणाऱ्या बँड-पास फिल्टरमधून, म्हणजे मधला एकच पट्टा जाऊ देणाऱ्या गाळणीतून येतो. टिम्बर माझ्या कंट्रोलरच्या पहिल्या नॉबला जोडला, आणि पाऊस पहिल्यांदा हातात आला. त्या रात्री मी तासभर नुसती सर आणत होते, नेत होते.

पत्रा

कण आले, पण ते कशावर पडताहेत ते कळत नव्हतं. पत्र्याचे आपले स्वर असतात आणि तारेसारखे ते पूर्णांकी पटीत नसतात, म्हणून पत्रा गात नाही, खणखणतो. इथे नाद देणारा रिंग्ज हा मॉड्यूल कामी आला, रॅकमध्ये त्याचं नाव रेझोनेटर. पार्टिकल नॉइजची तार त्याच्या इनमध्ये घातली, स्ट्रक्चर नॉब वर नेऊन नाद बेसूर केला, डॅम्पिंग असं ठेवलं की नाद उठताच मरावा. खरा पत्रा खिळे ठोकून बसवलेला असतो, तो घंटेसारखा लांबत नाही. हे मला मागच्या अंगणात बोटाने टिचक्या मारून पाहिल्यावर कळलं, तोवर माझा पत्रा देवळातल्या घंटेसारखा वाजत होता.

रॅकची फुकट आवृत्ती स्वतंत्र चालते, रीपरसारख्या सॉफ्टवेअरच्या आत उघडणारं प्लगिन म्हणून घ्यायची तर पैसे मोजावे लागतात. त्याऐवजी कार्डिनल घ्या. रॅकवरच आधारलेला, मुक्त स्रोत, रीपरमध्ये प्लगिन म्हणून उघडतो, हे सगळे मॉड्यूल त्यात आहेत. फक्त जुन्या लॅपटॉपवर त्याचा भार जाणवतो. पंखा सुरू झाला की पंख्याचाच नॉइज कानात शिरतो आणि तुमचे निर्णय बिघडतात.

दोन गोष्टी इथेच नोंदवते. डाव्या-उजव्या कानाला एकच नॉइज दिला तर पाऊस डोक्याच्या मधोमध एका रेषेत पडतो. दोन्हीकडे वेगवेगळे जनरेटर ठेवा, अंगण लगेच रुंद होतं. आणि रेझोनन्स, म्हणजे फिल्टरचं घुमणं, जास्त असेल तिथे शेवटी आवाजाची पातळी रोखणारा लिमिटर लावल्याशिवाय हेडफोन घालू नका. नॉइजमध्ये ऊर्जा कधी कुठल्या वारंवारतेवर साचेल सांगता येत नाही. जुलैत एका उसळीने माझा डावा कान संध्याकाळभर बधिर होता.

बाकीचे, थोडक्यात

व्हायटल हा सिंथ वाऱ्यासाठी ठेवला. त्यात नॉइज सॅम्पलच्या, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांच्या, कप्प्यातून येतो, त्यामुळे कणांचं काम तिथे जमत नाही, पण त्याचे रँडम मॉड्युलेटर, म्हणजे नॉब आपोआप अनियमित फिरवणारे घटक, उत्तम. त्यातला पर्लिन हा प्रकार निवडून फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे जिथून तो आवाज कापतो त्या सीमेला, लावला की वारा खरंच घोंघावतो, त्यात एलएफओची, म्हणजे ठरल्या वेगाने नॉब वरखाली करणाऱ्या घटकाची, ठरावीक ये-जा ऐकू येत नाही.

ऑगस्ट: भरकटले, पण आनंदाने

झिनअ‍ॅडसबएफएक्स हा 2002 पासूनचा सिंथ आहे आणि दिसतोही तसाच, म्हणून मी तो टाळत होते. त्यातला सबसिंथ हा भाग नॉइजवाल्यांसाठी खजिना आहे. तिथे ऑसिलेटर नाहीच. व्हाइट नॉइज अरुंद बँड-पास फिल्टरांतून गाळून एकेक हार्मोनिक, म्हणजे स्वराचा एकेक उपस्वर, तयार होतो. बँडविड्थचा नॉब अरुंद केला की स्वर, रुंद केला की फुंकर. मधे कुठेतरी बासरीत हवा जास्त गेल्यासारखा आवाज येतो. पट्टा जितका अरुंद, तितकी त्याची पातळी संथपणे वरखाली होते, आणि 5 हर्ट्झइतका अरुंद पट्टा अक्षरशः श्वास घेतो. मी कुठलाही एलएफओ लावला नव्हता, गणितातच तो श्वास आहे.

त्याच सुमारास सूरसागराकाठी म्युझिक कॉलेजवरून जाताना आत तंबोरे जुळवताना ऐकू आले. 1886 मध्ये सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचीच ती पुढची पिढी. जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, नीट लागेपर्यंतची ती खरखर, आणि मग एकदम उजळलेला षड्ज. घरी येऊन नॉइजमधून तार काढायची कार्प्लस-स्ट्राँग पद्धत करून पाहिली. 1983 मध्ये केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी प्रसिद्ध केलेली युक्ती: नॉइजचा एक छोटा तुकडा डिलेमध्ये, म्हणजे आवाज उशिराने परत देणाऱ्या घटकात, फिरवत ठेवायचा आणि दर फेरीला शेजारच्या दोन नमुन्यांची (डिजिटल आवाजातल्या एकेका आकड्याची) सरासरी घ्यायची. खरखर झिजत जाते आणि छेडलेली तार उरते. पांढरी सहा, म्हणजे 220 हर्ट्झ हवा असेल तर सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या सॅम्पल रेटला 200 नमुन्यांचा डिले, सरासरीमुळे अर्धा नमुना आणखी वाढतो, आणि स्वर 219.95 वर बसतो. सर्जमध्ये हे हाताने करायची गरज नाही, स्ट्रिंग ऑसिलेटर आहे. त्यात नॉइजचा एक झटका न देता तो सतत देत राहिलात तर छेडलेली तार न ऐकू येता घासलेली, फुंकलेली तार ऐकू येते. एकांकिकेत याची गरज नाही. तरी पॅच जपून ठेवलाय.

खळखळ अजून साधलेली नाही. पाणी पाण्यावर पडतं तेव्हा मुख्य आवाज थेंबाचा नसतो, आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो. शास्त्रज्ञ मिन्नार्ट यांनी 1933 मध्ये त्याचा हिशेब मांडला: 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण 3,260 हर्ट्झवर वाजतो, 3 मिलिमीटरचा 1,090 च्या आसपास. म्हणजे इथे नॉइज गाळून उपयोग नाही, चटकन विझणारे शेकडो छोटे साइन, म्हणजे शुद्ध एकेरी स्वर, हवेत. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गच्चीवरून ऐकलेलं आठवतं. पाणी साचलं होतं तिथे जवळजवळ शांतता होती, आणि जिथे ते पायरीवरून उतरत होतं तिथेच खळखळ. बुडबुडे तिथेच तयार होत होते, हे मला आत्ता कळतंय.

सप्टेंबर: तालीम आणि पागोळ्या

पहिल्या तालमीला पाऊस वाजवला. पुण्यातल्या एका मित्राला ऐकवायचा म्हणून मोबाइलवरून व्हॉइस मेसेज पाठवला, तर त्याला फक्त नटांचे संवाद पोचले. आवाज स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेने माझा पाऊस कचरा समजून पुसला होता. मग पूर्ण फाइल पाठवली. 48 हजार सॅम्पल रेट, 24 बिट, स्टीरिओ, मिनिटाला सुमारे 17 एमबी. नॉइज कमी बिटरेटच्या एमपी3 मध्ये टाकू नका, पाण्यात बुडाल्यासारखा ऐकू येतो.

सासूबाई तालमीला आल्या होत्या. सरीवर काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. शेवटच्या पागोळ्यांना मात्र म्हणाल्या, "पाऊस थांबल्यावरही हा पाऊसच पाडतेयस तू. पागोळीला ताल असतो."

खरं आहे. आभाळातून येणारा थेंब केव्हाही येतो. पत्र्याच्या नळीच्या टोकाशी मात्र पाणी साचतं, जड होतं, सुटतं, पुन्हा साचतं, आणि ते बरंच नियमित असतं. मी तिथेही पार्टिकल नॉइजच विरळ करून वापरला होता. आता तो काढलाय. त्याजागी ठरावीक अंतराने ठोका देणारे पाच संथ क्लॉक, प्रत्येकाचा वेग किंचित वेगळा, प्रत्येकाला आपला रेझोनेटर. पाचही एकत्र सुरू झाले की कधी जवळ येतात, कधी पांगतात. आणि सगळे हळूहळू मंदावत नेणारा एक नॉब.

चार पागोळ्या जमल्या आहेत. पाचवी, तुळशीजवळच्या दगडावर पडणारी, हिचा वेग मी अंदाजाने ठेवलाय आणि तो चुकतोय. आत्ता बाहेर झड लागली आहे. ती थांबली की घड्याळ घेऊन मागच्या दारी बसणार आहे.