तुम्ही विचारलंत म्हणून : ‘शकुन’ला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

भाषांतर करणारे, परीक्षेला बसलेले, घरच्या लग्नपत्रिकेचा इंग्रजी मजकूर जुळवणारे, सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. ओमेन, ऑगरी, पोर्टेंट, ऑस्पिशस हे एकाच अर्थाचे शब्द ना? मग ‘शकुन’साठी त्यातला कोणताही घातला तर काय बिघडलं?

बिघडतं. कोशात हे शब्द एका ओळीत बसवलेले दिसतात, पण ते प्राचीन रोमच्या सरकारी कामकाजातून आलेत आणि तिथे प्रत्येकाचं खातं वेगळं होतं. कुणी विचारलं, कुणी पाहिलं, चिन्ह पक्ष्याचं की तोंडच्या शब्दाचं, यावर नाव ठरे. ते खातं लक्षात ठेवलं की आज कुठे कोणता शब्द शोभतो हे बहुतेक वेळा आपोआप सुटतं.

व्युत्पत्तीच्या अंगाने ‘शकुन’चा सख्खा भाऊ म्हणजे ऑस्पिस, मुळात पक्ष्यांवरून घेतलेला कौल. लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. पक्षी पाहणारा तो ‘औस्पेक्स’. संस्कृतातला ‘वि’ (पक्षी) आणि ‘पश्य’ याच घराण्यातले. आपल्याकडेही ‘शकुन’ म्हणजे मुळात पक्षीच. पक्ष्यांनी सांभाळलेली ती शकुंतला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातलं बेचाळिसावं सूक्त अशाच एका पक्ष्याला विनवतं, की घराच्या दक्षिणेकडून शुभ बोल. पक्ष्याचं नाव त्याने दिलेल्या चिन्हाला चिकटलं, दोन्हीकडे.

पण पुढे वाटा फुटल्या. आपला शकुन कुणालाही होतो. रोममध्ये ऑस्पिस घेणं हा अधिकाऱ्याचा हक्क होता, आणि निवडणूक, सभा, लढाई यांआधी ते त्याचं कर्तव्यही होतं. मध्यरात्रीनंतर, उजाडायच्या आत तो आसनावर बसे. रोमन लेखक आणि वक्ता सिसेरोने यातले संवादच देऊन ठेवलेत. अधिकारी मदतनिसाला म्हणे, ‘शांतता आहे असं वाटलं की सांग.’ मदतनीस म्हणे, ‘शांतता आहे.’ ‘त्या खात असतील तर सांग.’ ‘खाताहेत.’ त्या म्हणजे पिंजऱ्यातल्या पवित्र कोंबड्या. त्यांनी अधाशीपणे खाल्लं आणि चोचीतून घास जमिनीवर सांडला, की कौल उत्तम. हा कौल त्या एका दिवसापुरताच चाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. सिसेरो स्वतः या खात्यातला मानकरी होता, तरी तो सरळ लिहितो की कोंबड्या कोंडून उपाशी ठेवल्या तर घास सांडणारच, यात देवाचं काय?

इ. स. पू. २४९ मध्ये सिसिलीतल्या द्रेपानाच्या आरमारी लढाईआधी कोंबड्या खाईनात. रोमन सेनापती क्लॉडियस पुल्करने त्या समुद्रात फेकून दिल्या: खात नाहीत तर पिऊ देत! शत्रूने, म्हणजे कार्थेजने, त्याची ९३ जहाजं धरून नेली. पण मोठ्या अपमानापेक्षा छोटी चूक जास्त वेळा नडे. इ. स. पू. १६३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसने कॉन्सलपदाची, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकारपदाची, निवडणूक घेतली. शहराची पवित्र हद्द ओलांडून परत येताना ऑस्पिस नव्याने घ्यायचं तो विसरला. पुढच्या वर्षी आठवल्यावर त्याने स्वतःच ते कळवलं, आणि गादीवर बसलेल्या दोन्ही कॉन्सलना राजीनामा द्यावा लागला.

लढाई कुणीही मारो, ज्याच्या ऑस्पिसखाली ती झाली त्याच्या नावावर विजय लागे. ‘अंडर द ऑस्पिसेस ऑफ’चा आजचा अर्थ इथूनच आलाय. आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘अमुक संस्थेच्या विद्यमाने’ असतं, नेमकं तेच. तेव्हा ‘मला शकुन झाला’ इथे ऑस्पिस अजिबात घालू नका. त्याचं विशेषण ऑस्पिशस मात्र पूर्ण शुभ झालंय, म्हणून मुहूर्त म्हणजे ऑस्पिशस टाइम हे बिनचूक. पत्रिकेतलं ‘ऑन द ऑस्पिशस ऑकेजन’ही चुकीचं नाही, इंग्लंडातल्या पत्रिकेत ते सहसा दिसणार नाही इतकंच. आपलं इंग्रजी आहे, खुशाल वापरा.

ऑगर हा तज्ज्ञ. त्यांचं मंडळ असे: इ. स. पू. ३०० पासून नऊ, पुढे हुकूमशहा सुल्लाने पंधरा केले. अधिकारी कौल घेई, त्यात खोट आहे का हे ऑगर सांगे. इतिहासकार लिव्ही रोमच्या नूमा राजाच्या स्थापनेचं वर्णन करतो त्यात सगळी रीत आहे. राजा दक्षिणेला तोंड करून दगडावर बसला. ऑगर त्याच्या डावीकडे, डोकं झाकून, हातात गाठ नसलेली वाकड्या टोकाची काठी. तिने त्याने क्षितिजावर पूर्व-पश्चिम रेघ आखली, दक्षिणेकडचा भाग उजवा, उत्तरेकडचा डावा असं जाहीर केलं, मग काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात राजाच्या मस्तकावर ठेवला आणि चिन्ह मागितलं. आखलेल्या त्या चौकटीचं नाव ‘टेंप्लुम’. तिच्यावरून टेंपल आला, आणि बहुधा तिच्याकडे एकटक पाहण्यावरून कंटेंप्लेट.

उजवं म्हणजे दक्षिण हे ओळखीचं वाटलं ना? पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण, म्हणून संस्कृतात ‘दक्षिण’चे दोन्ही अर्थ. रोमन ऑगरला डावी बाजू शुभ असे. ग्रीकांना उलट, उजवी शुभ. लॅटिन लेखकांवर ग्रीकांची छाप बसत गेली तसा ‘सिनिस्टर’, म्हणजे नुसता डावा, अशुभाकडे झुकला आणि इंग्रजीत तेवढाच अर्थ उरला. रोमन ऑगरच्या डाव्या-उजव्यातही एक गोम होती: डोमकावळा उजवीकडून बोलला तर कौल पक्का, साधा कावळा डावीकडून. बोलून कौल देणाऱ्या या पक्ष्यांना ‘ऑसिनेस’ म्हणत. पक्षिशास्त्रात गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटाला आजही हेच नाव आहे.

ऑगर आज इंग्रजीत क्रियापद म्हणून जास्त भेटतो: इट ऑगर्स वेल, लक्षण चांगलं आहे. कर्ता घटना असते, माणूस नाही. पक्ष्यांचा कौल घेऊन पदावर बसवणं ते इनॉग्युरेट. दुकानाचं ‘इनॉग्युरेशन’ झालं तर उद्घाटन म्हणा, पण अमेरिकी अध्यक्षाचं २० जानेवारीला होतं ते उद्घाटन नव्हे, शपथविधी किंवा पदग्रहण. बातम्यांत ही चूक वारंवार दिसते आणि अध्यक्षाची फीत कापल्यासारखं वाटतं.

आता ओमेन. काटेकोर लॅटिनमध्ये हे तोंडातून सहज निघालेल्या शब्दाचं चिन्ह. मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाविरुद्धची मोहीम रोमन कॉन्सल एमिलियस पाउलुसकडे आली त्या संध्याकाळी त्याची धाकटी मुलगी रडवेली होती. का, तर ‘पर्सा मेला’. पर्सा तिचं कुत्र्याचं पिल्लू. बाप म्हणाला, ‘मी ओमेन स्वीकारतो.’ इ. स. पू. १६८ मध्ये पिद्नाला पर्सियस हरला. याच्या उलट रोमन सेनापती क्रॅसस. पार्थियावर निघताना बंदरावर एक जण कौनसचे अंजीर विकत ‘कौनेआस!’ ओरडत होता. ऐकणाऱ्यांनी मागाहून ते ‘कावे ने एआस’, म्हणजे ‘सांभाळ, जाऊ नकोस’ असं जोडलं. क्रॅसस गेला आणि इ. स. पू. ५३ मध्ये काऱ्हे इथे मारला गेला.

ओमेन स्वीकारता येई आणि झटकताही येई, ही यातली खरी मेख. आपल्याकडे ‘वास्तू तथास्तु म्हणत असते’ असं सांगून अभद्र बोलणाऱ्याला गप्प करतात; ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ही सगळी म्हणच रोमन अर्थाने ओमेनबद्दल आहे. झटकण्याचं क्रियापद ‘अबोमिनारी’, ओमेन दूर सारणं, त्यावरून अबॉमिनेबल. मध्ययुगात पंडितांनी त्याचा संबंध ‘होमो’शी, माणसाशी, लावून ‘अमानुष’ अर्थ काढला आणि मधे एक एच घुसवला. शेक्सपिअरच्या काळात तो एच राजरोस छापला जाई.

ओमेन आज शुभ-अशुभ दोन्ही, म्हणून ‘शकुन’साठी पहिला हक्क त्याचा, गुड किंवा बॅड लावून. विशेषण ओमिनस मात्र फक्त वाईट. ‘शकुनाचा नारळ’ला ओमिनस कोकोनट केलंत तर पाहुणे त्याला हात लावणार नाहीत.

पोर्टेंट मोठा असतो. ‘पुढे ताणून दाखवणं’ हा त्याचा धात्वर्थ. एकट्यादुकट्याचा नाही, सगळ्या राज्याचा. दगडांचा पाऊस, बोलणारा बैल असल्या गोष्टी सिनेटपुढे, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेपुढे, मांडल्या जात, सिनेट त्या मान्य करी किंवा फेटाळी, मग शांती. दगडांच्या पावसाला नऊ दिवसांचे विधी ठरलेले. अशा घटनेला ‘प्रोडिजियुम’ म्हणत. त्याचा प्रॉडिजी झाला आणि सतराव्या शतकात तो असामान्य मुलांना चिकटला. ‘मोन्स्त्रुम’ हा ‘मोनेरे’, बजावणं, यातला. त्याचा मॉन्स्टर झाला. मॉनिटर त्याच धातूचा, त्यामुळे शाळेतला मॉनिटर आणि राक्षस भावंडं ठरतात, आणि घोरपडीचं इंग्रजी नावही मॉनिटरच. या सगळ्याला आपला जुना शब्द ‘उत्पात’. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे उत्पातांचे तीन वर्ग आहेत. आज पोरं उत्पात माजवतात. घसरण्याची वाट दोन्हीकडे सारखीच.

ग्रहताऱ्यांचे शब्द पटकन सांगतो. डिझास्टर इटालियनमधून, ‘आस्त्रो’ म्हणजे तारा. ग्रह फिरले, हाच अर्थ. इन्फ्लुएंझा म्हणजे ताऱ्यांचा प्रभाव. १७४३ च्या साथीत इंग्रजांनी हा शब्द इटलीतून उचलला. डिस्मल मजेशीर आहे: लॅटिन ‘दिएस माली’, वाईट दिवस. मध्ययुगीन पंचांगात दर महिन्याला असे दोन, वर्षाला चोवीस. जानेवारीत १ आणि २५. कामं टाळायची ती याच दिवशी. मूळ अर्थ विसरल्यावर लोक ‘डिस्मल डे’ म्हणू लागले, म्हणजे ‘वाईट दिवस दिवस’.

मागून घेतलेलं चिन्ह आणि न मागता आलेलं, हा भेद रोमन लोक काटेकोर पाळत, पण साध्या इंग्रजीत तो उरला नाही. कोकण-गोव्यात मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली की डावी ते पाहतात, हे मागितलेलं. मांजर आडवं गेलं हे न मागितलेलं. भाषांतरात पहिल्याला ओमेन म्हणून भागत नाही. तिथे देवाला विचारलं आणि देवाने उत्तर दिलं असं वाक्यच लिहा.

मनात पाल चुकचुकली तर मिसगिव्हिंग. तिथे ओमेन घातलं तर वाचक खरी पाल शोधेल. पुढे काही घडणार असं आतून ठाम वाटणं ते प्रेमोनिशन. ‘नांदी ठरली’ला हार्बिंजर चालतो, पण तो शकुन नव्हे, पुढे जाऊन लष्कराच्या मुक्कामाची सोय लावणारा माणूस तो. ‘बोड्स इल’मधला बोड खास इंग्रजांचा, जुन्या इंग्रजीत निरोप्याला ‘बोडा’ म्हणत.

राहता राहिली दुकानदाराची भवानी. ‘अजून भवानी व्हायचीय’ याला इंग्रजी शब्द नाही असं छातीठोकपणे सांगितलं जातं. आहे: हँडसेल. जुन्या नॉर्समधलं ‘हंडसल’, म्हणजे हातावर हात देऊन सौदा पक्का करणं. त्यावरून शुभारंभाची भेट आणि दिवसाची पहिली विक्रीही. स्कॉटलंडात नव्या वर्षाचा पहिला सोमवार हँडसेल मंडे. हा शब्द आता इंग्रजांनाही अनोळखी झालाय, म्हणून भाषांतरात घातलात तर शेजारी ‘दिवसाची पहिली विक्री’ असा खुलासा लागेल. नाहीतर सरळ भवानीच ठेवा.