गळका पाट

स्पेनमधल्या पाम्पानेइरा गावात पहिल्या रात्री मला झोप लागेना. कुठेतरी नळ सुरू राहिलाय असं वाटून मी दोनदा उठले आणि न्हाणीघर बघून आले. तिसऱ्यांदा खिडकी उघडली तेव्हा उलगडा झाला. खालच्या उतरत्या गल्लीच्या मधोमध दगडात कोरलेली अरुंद चर होती आणि तिच्यातून पाणी खळाळत चाललं होतं.

"अगं, कुणाला तरी मोटर बंद करायला सांग ना," पलीकडच्या खाटेवरून ताई झोपेतच म्हणाल्या. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, पुण्याच्या. वाहतं पाणी म्हटलं की त्यांना ओसंडणारी टाकीच आठवते. मी साक्री तालुक्यातली, पांझराकाठची. मला तो आवाज ओळखीचा वाटला. रात्री पिकाला बारे द्यायला, म्हणजे पाटाचं पाणी सोडायला गेलं की असाच येतो.

ग्रनादा शहरातला अल्हाम्ब्रा राजवाडा बघून झाल्यावर आमच्या हातात चार दिवस होते. सगळे समुद्राकडे जातात, आम्ही डोंगराकडे गेलो. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरच्या या टापूला आल्पुहार्रा म्हणतात. ग्रनादाहून बस दोनेक तासांत पाम्पानेइराला पोचवते. ओर्हिवा गाव मागे पडलं की मग नुसती वळणं. आमचा कोंडाईबारी घाट यापुढे सरळसोट वाटावा. पोकेइरा नावाच्या खोल दरीच्या एकाच कडेला तीन गावं एकावर एक बसली आहेत: खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबिओन आणि सगळ्यांत वर, साधारण १,४३० मीटरवर, कापिलेइरा. लांबून बघितलं तर डोंगरावर कुणीतरी चुन्याची बादली सांडून ठेवली आहे असं वाटतं.

आंदालुसियातल्या, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण प्रांतातल्या, इतर पांढऱ्या गावांची घरं कौलारू असतात. इथली चक्क धाब्याची निघाली. सपाट छपरं, त्यांवर टोपी घातलेली धुराडी, आणि एकाचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. गल्ली मध्येच घराच्या पोटातून जाते. त्या झाकल्या बोळाला तिनाओ म्हणतात. आमच्या घरमालकीणबाईंनी मला गच्चीवर नेऊन चिमूटभर माती हातावर ठेवली. राखाडी, किंचित निळसर, बोटांना साबणासारखी गुळगुळीत. तिचं नाव लाउना. चेस्टनटच्या तुळया, त्यांवर पातळ दगडी फरशा आणि वर हिचा थर. पाऊस पडला की माती फुगून घट्ट बसते आणि पाणी आत शिरत नाही. आमची आजी रोहिण्यांच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकून घ्यायची, तीही याच कामाला. मी हे त्या बाईंना मोबाइलच्या भाषांतरातून सांगायला गेले तर त्या मोबाइलने आजीलाच छपरावर नेऊन पुरलं असावं, इतक्या त्या दचकल्या.

अशी घरं मोरोक्कोतल्या ॲटलास डोंगरात दिसतात, आणि ते काही आश्चर्य नाही. १४९२ साली ग्रनादाचं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं, तेव्हा बोआब्दिल राजाला याच आल्पुहार्रात जमीन तोडून दिली होती. दुसऱ्याच वर्षी तो आफ्रिकेला निघून गेला, प्रजा मात्र इथेच राहिली. त्यांचा बळजबरीने धर्म बदलला गेला. पुढे भाषा आणि पोशाखावरही बंदी आली, तेव्हा १५६८ च्या डिसेंबरात त्यांनी उठाव केला. तो १५७१ पर्यंत चालला आणि चिरडला गेला. लोकांना गावांतून हाकलून दिलं, आणि रिकाम्या घरांत उत्तरेकडचे शेतकरी आणून बसवले. गावोगावी दोन मोरिस्को, म्हणजे धर्म बदलायला लावलेल्या मुस्लिमांची, कुटुंबं मात्र मुद्दाम ठेवून घेतली, असं सांगतात. कारण नव्या लोकांना पाटाचं पाणी कसं फिरवायचं हेच ठाऊक नव्हतं.

पाटाला इथे आसेकिया म्हणतात. शब्द अरबी, साकियावरून आलेला. गझलेतला साकीही त्याच धातूतला. अरबीचं बोट धरून चाललं की स्पॅनिश एकदम घरची वाटायला लागते. 'फुलानो' म्हणजे आपला फलाणा. 'आसूकार' म्हणजे साखर आणि 'नारांहा' म्हणजे नारिंग, हे दोन तर आपल्याकडूनच तिकडे गेलेले.

दुसऱ्या दिवशी चढत कापिलेइराला गेलो. ताई दर वळणावर फोटोच्या निमित्ताने थांबत होत्या, मी त्यांना थांबायला सांगत होते. गावाच्या वरून एका पाटाच्या काठाने पायवाट जाते. मे महिना होता. डोक्यावर मुलासेनच्या बाजूला बर्फ शिल्लक होता. मुलासेन म्हणजे ३,४७९ मीटर, इबेरियन द्वीपकल्पातलं सर्वांत उंच शिखर. बोआब्दिलच्या बापाच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. तो बर्फ वितळून पायाशी वाहत होता. पाट म्हणजे काय, मातीची दोन-अडीच हात रुंद चारी. आणि गळकी! जागोजागी काठ पाझरत होते, खालच्या बाजूला नेचे माजले होते, चेस्टनटची झाडं हिरवीगार होती. माझ्या सँडल चिखलात रुतल्या.

माझे अण्णा कालवा निरीक्षक होते. बत्तीस वर्षं ते एकाच शत्रूशी लढले: गळती. आमच्या घरी जेवताना सांडलं तरी अण्णा "गळती किती?" असं विचारायचे. तो पाट बघून माझा जीव त्यांच्यासाठी कासावीस झाला.

पुढे एक आजोबा खोरं घेऊन वाकलेले दिसले. पाटाच्या काठाला एक भोक, त्यावर उभी केलेली पातळ दगडी फरशी, आणि फटींत कोंबलेला गवताचा डिखळा. त्यांनी डिखळा काढला, फरशी सरकवली, पाणी खालच्या वाफ्यात उतरलं. मग तीच फरशी मुख्य धारेत आडवी लावली आणि खोऱ्याच्या पाठीने दोनदा थोपटली. ते थोपटणं मी हजारदा पाहिलंय. मी हातवारे करून सांगितलं की आमच्याकडेही असंच करतात. आजोबांनी माझ्या चिखलाच्या सँडलकडे बघितलं आणि म्हणाले, "इग्वाल." सारखंच.

पाणी वाटणाऱ्या माणसाला इथे आसेकिएरो म्हणतात. म्हणजे आपला पाटकरी. पांझरेच्या फडांत, म्हणजे पाटाखालच्या सामायिक पाण्याच्या शेतांत, पाटकरी ज्याला त्याला पाणी वाटतो, तसाच हाही. कुणाची पाळी, किती वेळ, हे गावाने पिढ्यान् पिढ्या ठरवलेलं.

गळतीचं रहस्य संध्याकाळी घरमालकीणबाईंनी सोडवलं. इथले काही पाट गळायलाच बांधलेत. खाली शेतांना पाणी देणारे पाट वेगळे, आणि वर उंचावर असतात ते 'कारेओ'चे. वसंतात बर्फ भराभर वितळतो, तेव्हा नदीचं पाणी त्यांत वळवतात आणि मुरमाड उतारावर सोडून देतात. ते तिथे जिरतं, खडकातून सावकाश खाली सरकतं आणि काही आठवडे-महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, गावालगतच्या झऱ्यांतून बाहेर येतं. धरण नाही, टाकी नाही. डोंगर हीच टाकी. असल्या पाटाला सिमेंट केलं, की जिरणं थांबतं आणि खालचे झरे रोडावतात.

माणसं शहरांकडे गेली, तसे कित्येक पाट बुजले. दर वसंतात साफ करायला हात लागतात, आणि हातच उरले नाहीत. ग्रनादा विद्यापीठातली पुरातत्त्वाची मंडळी २०१४ पासून स्वयंसेवक जमवून ते उकरताहेत. पुरातत्त्वज्ञाने उकरलेली वस्तू काचेत न ठेवता पुन्हा कामाला जुंपायची, हे मला फार आवडलं.

जेवणाचं मात्र विचारू नका. ताई शाकाहारी. त्रेवेलेस हे हॅमचं गाव इथून जवळच आहे. १८६२ साली इसाबेल राणीने तिथल्या हॅमला आपला शिक्का दिला, तेव्हापासूनचा त्यांचा तोरा. दुकानांच्या छतांना शेकड्यांनी तंगड्या लटकतात. ताईंनी "सिन कार्ने", मांस नको, असं तीनदा बजावून भाजीचं सूप मागवलं. आलं ते हॅमचे बारीक तुकडे घालून. वाढणारीला खरंच कळेना की यात चुकलं काय. हॅम म्हणजे मांस थोडंच? ते तर मीठ-मसाल्यासारखं. शेवटी आम्हाला मिगासने तारलं. रव्यासारखं जाडसर पीठ, लसूण आणि तेल घालून कढईत तासभर हलवत बसायचं. ताईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "इतक्या लांब येऊन उपमा खाल्ला म्हणून सांगू नकोस हं कुणाला."

शेवटच्या दिवशी दरीपलीकडच्या ओ सेल लिंगला गेलो. १९८० साली सुरू झालेलं हे तिबेटी बौद्धांचं साधनास्थान. नाव दलाई लामांनी ठेवलेलं. वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका, समोर तिन्ही गावं, आणि कुठेतरी खाली पाणी. ताई तिथे अर्धा तास डोळे मिटून बसल्या. ध्यान होतं की डुलकी, मी विचारलं नाही.

रात्री अण्णांना फोन लावला. वर्णन केलं, डोंगरात जिरणाऱ्या पाटाचं, तीन महिन्यांनी उगवणाऱ्या पाण्याचं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, रेंज गेली.

"ते सगळं ठीक आहे," अण्णा म्हणाले, "पण मग पाणीपट्टी कुणाच्या नावावर लावायची?"