दीड वर्षाचा अनुभव

गेल्या रविवारी सकाळी माझा भाचा सेवउसळ बांधून घेऊन बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला, तेव्हाच त्याचे माझ्याकडे काहीतरी काम आहे हे मी ओळखले. एरवी तो रिकाम्या हाताने येतो आणि जाताना डबा भरून नेतो. खाणे आटोपल्यावर त्याने मोबाइलवर आपला बायोडेटा उघडून माझ्यापुढे धरला. बी. ई. मेकॅनिकल होऊन त्याला अडीच वर्षे झाली. त्यांतली बरीचशी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात गेली आणि नंतरचे 8 महिने त्याने मकरपुऱ्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम केले. पगार रोखीने मिळे. नेमणूकपत्र नव्हते आणि पीएफही नव्हता. बायोडेट्यात मात्र त्या 8 महिन्यांचे 2 वर्षे 2 महिने झाले होते.

"मावशी, तू कंपनीत हेच तपासतेस ना? पकडलं जाईल का, एवढंच सांग," तो म्हणाला.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत पर्सोनेल विभाग सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविकच होते. त्याने जेवढे विचारले होते तेवढ्याचे उत्तर मी आधी दिले. 2014 पासून पीएफच्या प्रत्येक सभासदाला यूएएन हा 12 आकडी खाते क्रमांक मिळतो, नोकरी बदलली तरी तो क्रमांक तोच राहतो, आणि कोणत्या आस्थापनेत माणूस कधी लागला व कधी सुटला याची नोंद त्यात दिसते. पण नोंद नाही म्हणजे नोकरी केलीच नाही, असे मात्र त्यावरून ठरत नाही. पीएफचा कायदा सर्वसाधारणपणे 20 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि मकरपुऱ्यातल्या कितीतरी शेडमध्ये जेमतेम दहा-बारा माणसे असतात. शिवाय पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याचे वेतन कायद्यातल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल (2014 मध्ये ती मर्यादा 6,500 रुपयांवरून 15,000 झाली) तर त्याला पीएफमधून वगळता येते. म्हणून आम्ही बँकेचे पासबुक मागतो, पगाराच्या स्लिपा मागतो, आणि फोन करतो. अनुभवपत्रावर छापलेल्या नंबरावर आम्ही फोन करीत नाही, कारण तो नंबर बहुधा उमेदवाराच्या मित्राचाच निघतो. आम्ही आपल्या ओळखीतून त्या शेडमधल्या स्टोअरकीपरला गाठतो. मकरपुऱ्यात तीन फोन केले की कोण कुठे किती दिवस टिकला हे बहुतेक वेळा कळतेच.

"म्हणजे पकडलं जाईल," तो म्हणाला.

"जाईल किंवा जाणारही नाही," मी म्हटले. "माझं गेलं नव्हतं."

तो गप्प झाला, आणि मी 28 वर्षांत घरात कोणाला न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली.

1997 साली मी बी. कॉम. होऊन घरी बसले होते. एका सी. ए.च्या कार्यालयात मी 4 महिने व्हाउचर लावायला गेले होते, तेवढाच माझा अनुभव. याच कंपनीत अकाउंट्समध्ये जागा निघाली, तिला "एक्साइजच्या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव" हवा होता. एक्साइज म्हणजे अबकारी कर. मी अर्जात दीड वर्ष लिहिले. वर्षाची अट असताना बरोबर वर्षच लिहिले तर ते खोटे वाटेल, असा माझा तेव्हाचा हिशेब होता. त्या दिवशी बाकावर माझ्याशिवाय आणखी तिघी होत्या. मुलाखत दहा मिनिटांत झाली आणि महिना 1,800 रुपयांवर मी लागले.

आमचे हेड अकाउंटंट गुजराती होते आणि सगळे त्यांना मोटाभाई म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी आरजी-23ए भाग 1 आणि 2 ही अबकारी कराची रजिस्टरे माझ्या टेबलावर ठेवली, "बेन, तुम्हाला तर हे येतंच," असे त्यांच्या बडोदी मराठीत म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. हे वाक्य मला अजून ऐकू येते. ते फार चांगले शिकवत. माझ्यानंतर आलेल्या दोन मुलांना त्यांनी खुर्ची शेजारी ओढून महिनाभर शिकवले. मला शिकवण्याचे त्यांना काही कारणच नव्हते, कारण ते कारण मीच अर्जात खोडून टाकले होते.

आता जीएसटीच्या काळात ज्यांनी काम सुरू केले त्यांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. त्या काळी मॉडव्हॅट होता: कच्च्या मालावर भरलेल्या अबकारी कराची जमा आपल्या तयार मालाच्या करातून वळती करून घेता येई. लोखंडी प्लेटा घेऊन ट्रक आला की त्याबरोबर पुरवठादाराच्या इनव्हॉइसच्या प्रती येत. एकीवर मूळ प्रत, खरेदीदारासाठी असे छापलेले असे, तर दुसरीवर दुय्यम प्रत, वाहतूकदारासाठी. जमा कोणत्या प्रतीवर घ्यायची? कोणालाही विचारले असते तर त्याने अर्ध्या मिनिटात सांगितले असते की दुय्यम प्रतीवर. पण विचारायचे कसे? दीड वर्ष एक्साइजचे काम केलेल्या बाईने हा प्रश्न विचारणे म्हणजे वीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईने भात कशात शिजवतात हे विचारण्यासारखे होते. मी आपल्या मनाने ठरवले की मूळ ती मूळ. मूळ प्रती मी पंचिंग करून फाइलला नीट लावल्या, त्यांवरून रजिस्टर सुवाच्य अक्षरात भरले, आणि दुय्यम प्रतींना जादा कागद समजून काही स्टोअरमध्ये पाठवल्या, तर काही ड्रायव्हरने मागितल्या म्हणून त्यालाच परत दिल्या.

महिना संपल्यावर कागद अबकारी खात्याच्या रेंजच्या सुपरिंटेंडेंटकडे गेले आणि परत आले. स्टोअरमधल्या प्रती सापडल्या. ड्रायव्हरबरोबर गेलेल्या गेल्याच. वाटेत हरवलेल्या प्रतीसाठी वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी मागता येत असे, पण या प्रती वाटेत हरवलेल्या नव्हत्या. त्या आमच्या दारापर्यंत येऊन माझ्या हाताने गेल्या होत्या. सुमारे 14,000 रुपयांची जमा अडकली, म्हणजे माझा जवळजवळ आठ महिन्यांचा पगार. शेठांनी मोटाभाईंना केबिनमध्ये बोलावले. दार बंद होते, तरी आवाज बाहेर येत होता. बाहेर आल्यावर मोटाभाई मला इतकेच म्हणाले, "बेन, तुमच्या जुन्या ऑफिसात वेगळी पद्धत असेल." मी हो म्हटले. त्या एका "हो" ची लाज मला अर्जातल्या खोटेपणापेक्षा अधिक वाटते, कारण अर्ज मी गरजेपोटी भरला होता. इथे मात्र माझ्यासाठी बोलणी खाऊन आलेला माणूस मला स्वतःहून सुटकेची वाट दाखवीत होता आणि मी त्या वाटेने बिनदिक्कत चालत गेले.

त्यानंतरचे वर्षभर मी ज्या तऱ्हेने काम केले ते आठवले तरी थकवा येतो. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी जुन्या फाइली काढून पाही, आधीच्या माणसाने काय केले ते वहीत उतरवून घेई आणि दुसऱ्या दिवशी तसेच करी. काम आले, पण जे दोन महिन्यांत यायला हवे होते त्याला वर्ष लागले. नव्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत वाटेल तो अडाणी प्रश्न विचारण्याची मुभा असते. पगाराच्या पत्रकात ती लिहिलेली नसते, पण नोकरीत मिळणाऱ्या गोष्टींमध्ये तिच्याएवढी मोलाची दुसरी नाही. खोटा अनुभव लिहिणारा माणूस नेमकी तीच देऊन टाकतो आणि आपण काय दिले हे त्याला रुजू होईपर्यंत कळत नाही.

भाच्याने लगेच मुद्दा काढला, "पण मावशी, वेल्डर येतात त्यांचा अनुभव तुम्ही कुठे तपासता?"

मुद्दा बरोबर होता. आमच्याकडे वेल्डर आला की त्याचे कागद आम्ही ओळखपत्रापुरते पाहतो. त्याला टेस्ट देतात: सिक्स-जी म्हणजे 45 अंशांत पक्का बांधलेला पाइप, जो फिरवायचा नसतो, स्वतः त्याच्याभोवती वाकून, झुकून, प्रसंगी आडवे होऊन जोड पुरा करायचा. मग त्या जोडाचे एक्स-रे काढतात किंवा पट्ट्या कापून वाकवून पाहतात. दहा वर्षे म्हणणारा तासाभरात घरी जातो आणि तीनच वर्षे म्हणणारा पास होतो. त्यांच्या नियमात मला फार आवडणारी एक गोष्ट आहे: आम्ही पाळतो त्या अमेरिकन संहितेनुसार वेल्डरने एखाद्या प्रक्रियेने सहा महिने कामच केले नसेल, तर त्या प्रक्रियेतली त्याची पात्रता संपते आणि त्याला पुन्हा टेस्ट द्यावी लागते. आम्ही टेबलावरची माणसे मात्र 1997 चा अनुभव आजही मोजतो. जिथे हात पाहून निवड होते तिथे खोटे बोलण्याचे फारसे कारण उरत नाही. जिथे आकडा पाहून होते तिथे लोक आकडाच वाढवणार. 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले ते हाताने शिकवण्यासाठीच, आणि भाचा त्याच कलाभवनाच्या, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेच्या, इमारतीत शिकला आहे. तरी नोकरीच्या बाजारात त्याला कोणी ड्रॉइंग काढून दाखव म्हणत नाही. किती वर्षे, एवढेच विचारतात.

आणि "किमान 2 वर्षांचा अनुभव" ही ओळ आमच्या जाहिरातीत टाइप करते ती मीच, हे मला त्याच्यापुढे कबूल करावे लागले. ती दोन वर्षे कोणी मोजून ठरवलेली नाहीत. ही अट नसली तर अर्जांचा ढीग येतो, म्हणून ती घालतात. ज्या कामाला सहा महिन्यांचा अनुभव पुरतो त्यालाही दोन वर्षे लिहितात, आणि पगार मात्र नवख्याचा देतात. तेव्हा खोटेपणाची सुरुवात प्रत्येक वेळी उमेदवाराच्याच बाजूने होते असे मला म्हणवत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक फिटर आला होता. मोठ्या कारखान्यांच्या शटडाउनची, म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद असतानाची, कामे त्याने सहा वर्षे केली होती, पण दरवर्षी ठेकेदार बदलत गेले. त्याच्या यूएएनवर दोन ठेकेदारांची मिळून 11 महिन्यांची नोंद होती. त्याने आणलेले अनुभवपत्र 2014 च्या तारखेचे होते आणि लेटरहेडवर खाली 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला होता. जीएसटी आला 1 जुलै 2017 ला. मी ती ओळ बोटाने दाखवली, तेव्हा तो डोळे खाली न घालता म्हणाला, "मैडम, काम मैंने ही किया है। कागज किसी ने दिया नहीं, तो बनवा लिया।" त्याची टेस्ट घेतली आणि त्याने फ्लँज अशी जुळवली की आमचा फोरमन पाहत राहिला.

त्याचे पत्र खोटे होते आणि अनुभव खरा. माझ्या अर्जावर शिक्का नव्हता, सही माझीच होती, आणि अनुभव खोटा. दोहोंत अधिक दोषी कोण, हे मला कळते. कायद्याला मात्र ते उलटे दिसेल. भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, पण बनावट कागद तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे हा जुन्या कायद्यातही गुन्हा होता आणि नव्यातही आहे. मी ते पत्र त्याला परत दिले आणि त्याच्या फॉर्मवर "अनुभव: उमेदवाराच्या सांगण्याप्रमाणे, ट्रेड टेस्ट उत्तीर्ण" असे लिहून त्याला घेतले. त्यावर मला वरून विचारणा झाली, ती मी निभावली.

भाच्याला मी म्हटले की वर्कशॉपच्या मालकाकडे जा आणि 8 महिन्यांचे साधे पत्र माग, शिक्का नसला तरी चालेल. त्या 8 महिन्यांत तू काय काय केलेस ते लिही. त्याने हीट एक्स्चेंजरच्या ट्यूबशीटची, म्हणजे नळ्या बसवण्यासाठी भोके पाडलेल्या प्लेटीची, ड्रॉइंग केली होती, एकदा भोकांचे अंतर चुकवले होते आणि ती चूक माल कापण्याआधी स्वतःच पकडली होती. यातले काहीच बायोडेट्यात नव्हते. 26 महिन्यांचा आकडा लिहिण्याच्या नादात 8 महिन्यांतले खरे काम लिहायचे राहून गेले होते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वर्षभर अप्रेंटिस म्हणून लागता येते, ते प्रमाणपत्र कोणालाही दाखवता येते, हेही मी सांगितले. त्यावर त्याने तोंड वाकडे केले. त्याच्याबरोबरचे मित्र पुण्यात कायम नोकरीत आहेत आणि त्याला स्टायपेंडवर काम करायचे म्हणजे कमीपणा वाटतो. तेही मला समजते.

बुधवारी त्याने नवा बायोडेटा पाठवला. 8 महिनेच लिहिले आहेत. मधल्या परीक्षांच्या काळाबद्दल एक ओळ आहे, ती थोडी अवघडलेली आहे, पण खरी आहे. दोन कंपन्यांनी उत्तर दिलेले नाही, आणि हालोलच्या एका कंपनीने ड्रॉइंगची टेस्ट द्यायला बोलावले आहे. फोन ठेवता ठेवता त्याने विचारले, "मावशी, तुझा तो अर्ज अजून आहे?"

आहे. पर्सोनेलचे जुने कपाट, वरून दुसरा कप्पा, किल्ली माझ्याच पर्समध्ये. मोटाभाई 2009 साली निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांच्या ग्रॅच्युइटीचे कागद काढताना माझी फाइल हाताला लागली होती. पान उघडून पाहिले. दीड वर्ष, निळ्या शाईत, माझ्या त्या वेळच्या गोल अक्षरात. बाहेर हॉलमध्ये निरोप समारंभाची भाषणे चालू होती आणि मोटाभाई एकटेच खुर्चीवर हार घालून बसलेले दारातून दिसत होते. मी फाइल पुन्हा जागेवर ठेवली आणि समोसे वाटायला गेले.