म्युझियममध्ये ठेवायच्या लायकीचं

आमच्या लातूरकडं कुणाची गाडी, मिक्सर, मोबाईल जुना झाला की डायलॉग ठरलेला, "आता म्युझियमला देऊन टाका हे!" गल्लीतल्या एका काकांची लुना अजून चालू आहे, त्यांना तर हे रोज ऐकावं लागतं आणि ते पण खमके, म्हणतात आधी तुझी बुलेट जाईल तिथं. म्हणजे आपल्या बोलण्यात म्युझियम हे भंगारवाल्याच्या एक दुकान अलीकडं. आणि ज्या जागेवरून हा शब्द आला तिथं जुन्या वस्तूंना फारसं कुणी विचारतच नव्हतं, माणसांना बसवून खाऊ घालायचे!

मूळ शब्द ग्रीक, मूसेइऑन, म्हणजे म्यूझ देवतांचं ठाणं. ह्या नऊ बहिणी, काव्य इतिहास संगीत नाच खगोल असली सगळी खाती त्यांच्याकडं, बाप झ्यूस आणि आई नेमोसिनी, म्हणजे साक्षात स्मृती. म्युझिक हा शब्द पण ह्याच घरातला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला टॉलेमी राजांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात असंच एक मूसेइऑन काढलं, ते लई गाजलं. स्ट्रॅबो नावाच्या भूगोलवाल्यानं तिथलं लिहून ठेवलंय, फिरायला वाट, बसायला जागा, आणि एक मोठं दालन जिथं सगळे विद्वान एका पंगतीला जेवायचे, खर्च राजाचा. हे वाचून मला तर हेवाच वाटला.

मग लॅटिनमधून शब्द युरोपभर गेला आणि तिथल्या श्रीमंत लोकांना कपाटं भरून अजब वस्तू जमवायचा नाद लागला तसा तो वस्तूंना चिकटला. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन 1683 ला लोकांसाठी उघडलं, ब्रिटिश म्युझियम 1759 ला, आणि आपल्याकडं कलकत्त्याचं इंडियन म्युझियम 1814 चं, त्याला तिकडं लोक जादूघर म्हणतात.

आपल्या मराठवाड्यात जुन्या माणसांच्या तोंडी अजायबघर असायचं, निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून झालेली पिढी ती. 1948 नंतरही आमच्याकडच्या लोकांचं हैदराबाद सुटलं नाही, दवाखाना, लग्नाचा बस्ता, आणि गेल्यासारखं सालारजंग. 1951 ला सुरू झालेलं हे म्युझियम म्हणजे एका नवाबाच्या घराण्याची हौस आहे सगळी. तिथं ते घड्याळ आहे ना, तास भरत आला की लोक त्याच्यापुढं गर्दी करून बसतात, आतून एक छोटा माणूस बाहेर येतो, टोले देतो आणि परत आत. तेवढ्यासाठी लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे राहतात, बाजूच्या संगमरवरी पुतळ्याकडं बघत पण नाहीत. अजायबघर हा शब्द तिथं फिट बसतो बघा.

वस्तुसंग्रहालय हा शब्द मात्र पाटीवरच राहिला, बोलण्यात कुणी आणला नाही. संभाजीनगरला रिक्षावाल्याला नुसतं संग्रहालय म्हणलं तर तो तुम्हाला सिद्धार्थ गार्डनला नेऊन वाघ दाखवायचा, कारण प्राणिसंग्रहालय सगळ्यांना पाठ आहे, आणि खरं सांगू, वाघापुढं खापराचं काय चालणार.

पण खापरासाठी मुद्दाम जावं असं एक ठिकाण आपल्याकडंच आहे, तेर. धाराशिवहून वीसेक किलोमीटर, तेरणेच्या काठी. हे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या पेरिप्लस नावाच्या माहितीपुस्तकात लिहिलंय की गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि इथलं कापड गाड्यांत भरून भडोचला जातं. ह्या गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या सापडायच्या, आणि गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे त्या जमवत राहिले. त्याच संग्रहाचं पुढं सरकारी म्युझियम झालं, नाव त्यांचंच आहे. तिथली हस्तिदंती बाई बघा, तळहातावर मावेल एवढी, आणि अगदी तिच्याच जातकुळीतली एक इटलीत पाँपेईला राखेखाली सापडली, ते शहर इसवी सन 79 ला ज्वालामुखीत गाडलं गेलेलं. आता बोला. आपल्या धाराशिवच्या मातीतली बाई आणि तिची बहीण पार इटलीत!

2022 ला प्रागमध्ये जगभरच्या म्युझियमवाल्यांनी नवी व्याख्या पास केली, त्यात हाताला न लागणारा वारसा पण घेतलाय, म्हणजे आपलं भारूड, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या सगळं बसतं त्यात. माझं तर मत आहे की मराठवाड्यात पहिल्यांदा हेच करायला पाहिजे, कारण खापर अजून शंभर वर्षं मातीत टिकेल, ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या नाही टिकायच्या.

तेरला गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, दर्शनाला एवढे लोक येतात आणि दर्शन झालं की तसेच माघारी जातात. कुर्डुवाडी-लातूर लाईनवर स्टेशन पण आहे. लेकरांना घेऊन जावा आणि गप्प काचेतून बघत बसू नका, तिथल्या माणसाला प्रश्न विचारा, हे कशाचंय, कुठं सापडलं, कशावरून म्हणता. जेवणाचा डबा मात्र घरूनच न्या, टॉलेमी नाही तिथं.