महागडा अॅम्प खरंच बरा वाजतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘साठ हजारांचा हेडफोन अॅम्प आठ हजारांच्यापेक्षा खरंच बरा वाजतो का हो?’ हेडफोनचा आवाज वाढवणाऱ्या त्या डबीबद्दल तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या टपरीवर विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, रात्री अकराला फोन करून विचारता. ‘नाही’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न: ‘मग तुम्ही का ठेवलाय?’ म्हणून एकदाच सगळं सांगतो.

आधी एवढं धरून चला की एकेकाळी मीच ‘हो, बरा वाजतो’ म्हणायचो, तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. चार वर्षांपूर्वी तो अॅम्प घरी आला, त्या रात्री कुमार गंधर्वांची विलंबित लावली. इथल्या सुळेभावीत जन्मलेला माणूस. त्यांचं गाणं मी लहानपणापासून ऐकतोय. पण मागच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, अशी उलगडत जाताना मी तोवर ऐकली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत सुटलो. त्यात माझा भाचाही होता.

भाचा खानापूरचा, इथे सीएनसी मशीनवर काम करतो. माझ्या शब्दावर त्याने साठवलेले पैसे मोडले आणि तोच अॅम्प घेतला. वर्षभर काही बोलला नाही. मग पावसाळ्यातल्या एका रविवारी आला. पिशवीत त्याचा जुना आठ हजारांचा अॅम्प आणि कारखान्यातला मल्टिमीटर. ‘मामा, जरा बसा की पाठ करून.’

माझा हेडफोन सेनहायझरचा एचडी 600. भाच्याने प्लग बदलायचा, मी सांगायचं कुठला अॅम्प. दहापैकी नऊ बरोबर. मी खूश. तो मात्र गप्प. त्याने दोन्हींवर 100 हर्ट्झचा सूर लावला आणि हेडफोन जोडलेला असतानाच मीटरच्या सुया टेकवल्या. स्वस्तावर 1.00 व्होल्ट, महागड्यावर 1.12. म्हणजे जवळजवळ एक डेसिबलचा फरक. इतका फरक मोठा आवाज म्हणून जाणवत नाही. तो ‘जास्त मोकळं’, ‘जास्त जिवंत’ असा जाणवतो. माझेच शब्द.

त्याने नॉब केसभर फिरवून दोन्ही 1.00 वर आणले. आता नाणं उडवून प्लग लावायला लागला. सोळा वेळा. कुमारजी तेच, तानपुरा तोच. माझे नऊ बरोबर आले. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी आठ आली असती.

मी वाद घातला. प्लग बदलायला पाच सेकंद जातात, तेवढ्यात कान विसरतो, म्हणालो. ‘मग मघाशी दहापैकी नऊ कसे आले, मामा? तेव्हाही पाचच सेकंद होते की.’ यावर मला बोलता येईना. आणि मग तो जे बोलला ते अजून टोचतं: ‘मला पहिल्या दिवसापासून फरक ऐकू आला नाही. तुम्हाला येतोय म्हटल्यावर मला वाटलं, माझेच कान कच्चे. मशीनच्या आवाजाने गेले असतील.’

पैसे गेले ते गेले. पण वर्षभर त्या पोराने स्वतःच्या कानांवर संशय घेतला, तो माझ्यामुळे.

कारण तसं अवघड नाही. एचडी 600 एका व्होल्टला 97 डेसिबल देतो. 110 डेसिबल, म्हणजे कान दुखतील एवढ्या आवाजालाही साडेचार व्होल्ट पुरतात. तेवढं चांगला स्वस्त अॅम्प आरामात देतो, आणि त्याची विकृती कानाला कळण्याच्या खूप खाली असते. फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. अॅम्पचा स्वतःचा आउटपुट रोध, म्हणजे वीज बाहेर पडताना होणारा अडथळा, 120 ओहम वगैरे असेल, तर 300 ओहम रोधाच्या या हेडफोनवर खर्ज डेसिबलभर वर येतो, कारण खर्जात हेडफोनचा रोध 500 च्या पुढे जातो. काही व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या, अॅम्पांत ऐकू येणारी ‘ऊब’ बरीचशी हीच. ती खरी आहे, आवडली तर खुशाल घ्या. चालवायला जड अशा प्लेनार, म्हणजे सपाट पडद्याच्या, हेडफोनला ताकद लागते, हेही खरं. पण यातलं काहीच किमतीवर ठरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. विकला का नाही? मला नीट सांगता येत नाही. गेल्या गुरुवारी रात्री वीज येऊन-जाऊन चालली होती, घरात सगळे झोपलेले. तोच अॅम्प, तेच गाणं. जवारी पुन्हा तशीच उलगडली. त्या सोळा वेळा मी घाबरून ऐकत होतो, म्हणून चुकलो, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. तो चार वर्षांपूर्वीचा मीच, हे मला कळतं. त्याला गप्प करायला माझ्याकडे सोळापैकी नऊचा आकडा आहे. तरी तो गप्प बसत नाही.

भाच्याला निम्मे पैसे देऊ केले. घेतले नाहीत. आता तो जुन्याच अॅम्पवर ऐकतो. त्याचा महागडा कपाटावर ठेवलाय, वर आईने विणलेला रुमाल.