कोअर शेडमधला दिवस

आजचा दिवस भंडारा जिल्ह्यातील एका मँगनीज खाणीच्या कोअर शेडमध्ये, म्हणजे जमिनीत छिद्र पाडून काढलेले खडकाचे दंडगोल (कोअर) पेट्यांत भरून ठेवतात त्या जागी, नुकत्याच रुजू झालेल्या तरुण भूवैज्ञानिकांसोबत गेला. सौसर समूह या इथल्या प्राचीन खडकमालिकेतील खडकांना इतक्या घट्ट वळ्या पडलेल्या आहेत की एकाच बोअरहोलमध्ये (खोदलेल्या छिद्रात) तोच खनिजथर दोनदा लागू शकतो, आणि ते दोन स्वतंत्र थर समजून भूगर्भाचा छेद (उभा नकाशा) काढला तर पुढचे साठ्याचे सारे गणित बिघडते. म्हणून थरांचा कोन आणि हाती आलेल्या कोअरची टक्केवारी नोंदवल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, असा मी आग्रह धरला.

दुपारी ब्रे-एक्स या कॅनेडियन खाण कंपनीच्या सोने-घोटाळ्याचा विषय निघाला. इंडोनेशियातील बुसांग येथे कोअर उभा चिरून अर्धा भाग जपण्याची रीत पाळली गेली नव्हती. नमुन्यांत सोने मिसळल्याचे १९९७ मध्ये उघड झाले, तेव्हा पडताळणीसाठी मूळ कोअर फारसा उरलाच नव्हता. हे ऐकल्यावर मुलांनी जपलेल्या पेट्यांचे क्रमांक स्वतःहून पुन्हा ताडून पाहिले, याचे मला फार समाधान वाटले.

एकाला लवकरच शहरात बसून संगणकावर खनिजसाठ्याची प्रारूपे करायची आहेत. ते काम महत्त्वाचेच आहे. परंतु खनिजसाठ्यांचे अहवाल कसे द्यावेत हे ठरवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेनुसार अहवालाची जबाबदारी घेणाऱ्या सक्षम व्यक्तीला त्याच प्रकारच्या खनिजीकरणाचा किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे त्याने खाणीवरच काढावीत, असे मी त्याला मनापासून सांगितले.